भौतिकशास्त्राची पदवी : चैन की हक्क?

तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्राचा विभाग असावा की नसावा, हा प्रश्न अलीकडे उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. विचारणारे दोन प्रकारचे आहेत. पहिले शासनाच्या आणि संस्थाचालकांच्या बैठकांत बसतात. त्यांचे म्हणणे असे की, तिसऱ्या वर्षाला जेथे दहा-पंधरा विद्यार्थी उरतात तेथे असा विभाग चालवणे परवडत नाही. पदवी घेऊनही मुलांना नोकरी मिळत नाही. तेव्हा त्या खोल्या, ती पदे आणि तो पैसा ‘कौशल्याधारित’ अभ्यासक्रमांकडे वळवावा. दुसरे विचारणारे चळवळीतलेच आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शेतमजुराच्या मुलाने तीन वर्षे लंबक हलवून आणि भिंगाखालची वलये मोजून काय साधले, असे ते पोटतिडकीने विचारतात. शुद्ध विज्ञान ही पोट भरलेल्यांची चैन आहे, गरिबाच्या मुलाने हाताला लवकर काम मिळेल असे काहीतरी शिकावे, हा त्यांचा सल्ला. दोघांचे हेतू भिन्न, निष्कर्ष मात्र एकच. आणि निष्कर्ष एक झाला की अंमलबजावणी नेहमी पहिल्यांच्या मर्जीप्रमाणे होते, हा अनुभव चळवळीला नवा नाही.

आधी दुसऱ्यांशी बोलले पाहिजे, कारण ते घरचे आहेत.

‘शुद्ध विज्ञान ही चैन आहे’ या विधानाच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. ज्ञानाला दर्जे आहेत आणि ते माणसांच्या दर्जांप्रमाणे वाटले गेले पाहिजेत, हे ते गृहीतक. वरच्यांनी नियम शोधावेत, खालच्यांनी पाना आणि पक्कड हाती घ्यावी. चातुर्वर्ण्याने याहून वेगळे काय सांगितले होते? वेदाधिकार कोणाला, या प्रश्नावर ज्या महाराष्ट्रात रण माजले, त्याच महाराष्ट्रात समीकरणाचा अधिकार कोणाला हा प्रश्न निव्वळ जमाखर्चाचा म्हणून मांडला जात असेल, तर त्या जमाखर्चाची वही एकदा उघडून पाहणे आवश्यक आहे.

या युक्तिवादाला कोणी जोतिराव फुल्यांचाही आधार देतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी सरकारच्या उच्च शिक्षणावरील खर्चाला आक्षेप घेतला होता, हे खरे आहे. परंतु आक्षेप कशाला होता? शेतकऱ्याच्या घामातून सारा वसूल व्हायचा आणि त्यातून चाललेल्या महाविद्यालयांत शेतकऱ्याचा मुलगा पोहोचायचाच नाही, याला. शेतकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षण नको, असे जोतिराव म्हणाले नव्हते. आज तो मुलगा, आणि आता त्याची बहीणही, महाविद्यालयाच्या दारापर्यंत आली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढले ते तिच्यासाठी आणि त्याच्यासाठी. नेमक्या याच वेळी ‘उच्च शिक्षणावरचा खर्च व्यर्थ आहे’ असे कोणी जोतिरावांच्या नावाने सांगू लागला, तर तो जोतिरावांचे शब्द घेऊन त्यांचा अर्थ दाराबाहेर ठेवतो आहे.

मेघनाद साहांचे चरित्र अशा वेळी आठवावे. ढाक्याजवळच्या शेओराताली या खेड्यात १८९३ साली एका किरकोळ दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलाने दुकानात बसावे ही घरची साधी अपेक्षा. एका डॉक्टरने स्वतःच्या घरी ठेवून घेतले म्हणून पुढचे शिक्षण घडले. वंगभंगाच्या काळात गव्हर्नर फुलर यांच्या भेटीचा निषेध केला म्हणून सरकारी शाळेतून हकालपट्टी झाली आणि शिष्यवृत्तीही गेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय सहाध्यायांकडून जातीवरून अवहेलना वाट्याला आली. या माणसाने १९२० साली आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटातील रेषा वाचण्याची किल्ली जगाच्या हाती दिली. १९५२ साली हेच साहा डाव्यांच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि अणुऊर्जेचा कारभार गुप्ततेच्या पडद्याआड का, हे त्यांनी सरकारला विचारले. सभागृहात तो प्रश्न विचारण्यासाठी अणू म्हणजे काय हे ठाऊक असलेला माणूस लागतो. साहांना लहानपणी कोणी ‘कौशल्य’ शिकवून दुकानात बसवले असते, तर हिशेब चोख झाला असता यात शंका नाही.

साहा हे अपवाद होते, असे यावर उत्तर येते. अपवाद कोणी केले? जे दुकानात बसले, जे नांगराला जुंपले गेले, त्यांच्यात किती साहा होते याची मोजणी कोणत्याही आयोगाने केलेली नाही. आणि ती झालेली नाही म्हणून ते नव्हतेच, असे म्हणणे हे तर भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षातही चालणार नाही.

परंतु येथे थांबून विभाग वाचवा, एवढीच घोषणा दिली तर ती अर्धसत्य ठरेल. कारण जो विभाग वाचवायचा तो आज कोणत्या अवस्थेत आहे, हे कार्यकर्त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून पाहिलेले नाही.

पदवीच्या अभ्यासक्रमात न्यूटनच्या वलयांचा प्रयोग असतो. सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवायचे, वर सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश टाकायचा, सूक्ष्मदर्शकातून काळी-पिवळी वलये पाहायची, त्यांचे व्यास मोजायचे आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. ती ५८९३ अँगस्ट्रॉम येते. येते म्हणजे यावीच लागते. सोडियमच्या प्रकाशात ५८९० आणि ५८९६ अशा दोन रेषा आहेत आणि त्यांची सरासरी ५८९३, हे पुस्तकात छापलेले आहे. मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमध्ये आहे. परीक्षकाच्या डोक्यात आहे. दिवा एक, सूक्ष्मदर्शक एक आणि भोवती विद्यार्थ्यांचे टोळके. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू झिजलेला. तास संपत आलेला. तेव्हा हुशार विद्यार्थी काय करतो? तो शेवटच्या ओळीत ५८९३ लिहितो आणि तेथून उलट्या दिशेने गणित करीत व्यास तयार करतो. बाकीचे त्याच्याकडून उतरवून घेतात. जर्नल वेळेवर पूर्ण होते, त्यावर सही होते, गुण पडतात.

ज्याने खरोखर मोजले आणि ज्याचे उत्तर ६१०० आले, त्याला दोन गुण कमी.

ही किरकोळ बाब समजू नये. ज्या शास्त्राचा सारा डोलारा ‘जे दिसले ते लिही आणि किती चूक असू शकते तेही लिही’ या एका वाक्यावर उभा आहे, त्या शास्त्राच्या नावाने खोटे लिहिण्याचे शिक्षण तीन वर्षे दिले जाते आणि त्यालाच विज्ञान म्हणायची सवय लागते. गुरुत्वत्वरणाचे उदाहरण याहून बोलके आहे. पुस्तकात ९८० किंवा ९८१ सेंटिमीटर असा आकडा असतो. प्रमाण म्हणून धरलेले ९८०.६६५ हे मूल्य साधारण पंचेचाळीस अक्षांशाच्या प्रदेशाला, म्हणजे युरोपच्या मध्याला, लागू पडणारे आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे, म्हणून तिकडे जावे तसे हे मूल्य घटते. मुंबईच्या किनाऱ्यावर ते ९७८.६ च्या आसपास आहे. घाटावर उंचीमुळे आणखी किंचित कमी. साताऱ्याच्या किंवा जळगावच्या विद्यार्थ्याने कॅटरचा लंबक मनापासून हलवला, वेळ नीट मोजली आणि त्याचे उत्तर ९७८ आले, तर त्याने पायाखालच्या जमिनीचे खरे मोजमाप केले आहे. तो मात्र घाबरतो, खोडरबर काढतो आणि ९८० लिहितो. स्वतःच्या भूमीवरचे खरे मूल्य खोडून परक्या अक्षांशाचे मूल्य लिहायला शिकवणारी ही पदवी आहे, आणि ते मूल्य वेगळे का येते हे त्याला सांगायला वर्गात बहुधा कोणाला उसंत नसते.

दोष शिक्षकांचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो शिक्षक कोण आहे ते पाहावे. राज्यात वर्षानुवर्षे प्राध्यापकांची पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे नेमण्याची रीत पडली आहे. एम.एस्सी. झालेला, सेट-नेट उत्तीर्ण, कधी पीएच.डी. झालेला तरुण तासाच्या हिशेबाने राबतो. सुट्टी लागली की त्याचा पगार थांबतो, आणि केलेल्या तासांचे पैसेही महिनोन्महिने येत नाहीत. काही जण सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी शिकवतात, मधला वेळ एसटीत जातो. शासनाच्या दरपत्रकात प्रात्यक्षिकाच्या तासाचा मोबदला व्याख्यानाच्या तासाहून कमी ठेवलेला असतो. श्रेयांकांचा नियमही त्याच वळणाचा आहे : व्याख्यानाच्या पंधरा तासांना एक श्रेयांक, प्रयोगशाळेतल्या तीस तासांना एक. हाताच्या कामाची किंमत तोंडाच्या कामाच्या निम्मी, हा या देशाचा जुना रिवाज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीतही अबाधित आहे. मग ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये तो येथे असेल की नाही हे ठाऊक नाही, त्याने झिजलेल्या स्क्रूसाठी प्राचार्यांशी भांडावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? अनेक विभागांत सर्वांत दीर्घ अनुभव असतो तो प्रयोगशाळा परिचराचा. कोणता गॅल्व्हानोमीटर खरे सांगतो आणि कोणता नुसताच डुलतो, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला की ते पदही गोठवले जाते आणि उपकरणे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सुखाने नांदू लागतात. नॅकची समिती यायची असली की त्यांच्यावरची धूळ तेवढी झटकली जाते.

भाषेचा प्रश्न याहून जुना आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला जडत्व, संवेग, अपवर्तन हे शब्द येतात आणि त्यांचे अर्थही येतात. अकरावीच्या पहिल्या दिवशी ते सारे शब्द तिच्याकडून काढून घेतले जातात. पदवीला येईपर्यंत ती इंग्रजीतील वाक्ये पाठ करण्यात निष्णात होते. त्या वाक्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तिच्याजवळ उरत नाही. हे अटळ होते का? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते, अलाहाबादेस साहांचे विद्यार्थी होते. त्यांच्या आयोगाने साधारण दहा वर्षांत विद्यापीठीय शिक्षण प्रादेशिक भाषांतून व्हावे अशी शिफारस केली. पुंजांच्या गणनेची नवी रीत १९२४ साली ढाक्यातून मांडणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद काढली ती बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी. मराठीतही हात रिकामे नव्हते. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीतून पदवीची पुस्तके काढली, भाषा संचालनालयाने परिभाषा कोश तयार केले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सिद्ध झालेल्या विश्वकोशात भौतिकीवरच्या नोंदी आहेत, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय पुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली आणि विद्यार्थ्यांची समज त्याने वाढते हे प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले. तोपर्यंत ज्यांना ‘मंद’ म्हटले जात होते त्यांच्यापैकी पुष्कळांची अडचण भाषेची होती. एवढे सारे असूनही पदवीच्या वर्गात मराठी बोलते ती फक्त मागच्या बाकावर, दबक्या आवाजात. मराठीच्या नावाने सभागृहे दणाणून सोडणाऱ्या पक्षांपैकी एकानेही पुंजयामिकीचे एक मराठी पुस्तक ग्रामीण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पोहोचावे म्हणून आंदोलन केल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे परवडत नाही म्हणणाऱ्यांकडे वळावे.

त्यांच्या हातात सध्या २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आहे आणि त्यातली त्यांची आवडती कल्पना म्हणजे ‘अनेक प्रवेश, अनेक निर्गम’. एक वर्षाने बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. ही लवचिकता आहे, असे सांगितले जाते. कोणाची लवचिकता? सधन घरातला मुलगा एका वर्षाने बाहेर पडत नाही. बाहेर पडते ती जिचे लग्न ठरते, ज्याच्या वडिलांचे ऊसतोडीला जाणे या वर्षी एकट्याच्याने होत नाही. पूर्वी अशा मुलाने शिक्षण सोडले तर त्याला गळती म्हणत आणि तिची लाज व्यवस्थेला वाटावी अशी अपेक्षा असे. आता त्याच गळतीला प्रमाणपत्र मिळते आणि लाजेचा प्रश्नच मिटतो.

भौतिकशास्त्राच्या बाबतीत तर हे गणित मुळातच चुकते, कारण हे शास्त्र मजल्यावर मजला चढवावा तसे उभे राहते. पहिल्या वर्षी यामिकी, थोडी उष्णता, थोडी वीज. दुसऱ्या वर्षी तरंग, प्रकाश, इलेक्ट्रॉनिकी. पुंजयामिकी, अणुकेंद्र, घनावस्था यांची खरी ओळख तिसऱ्या वर्षी. एका वर्षाने बाहेर पडलेल्याच्या हाती न्यूटन लागतो. ज्या शास्त्रावर त्याच्या खिशातला मोबाइल चालतो, ज्याच्या जोरावर रुग्णालयात एमआरआय होतो, ते विसावे शतक त्याला भेटतच नाही. त्यातही पहिल्या वर्षाच्या श्रेयांकांची वाटणी मुख्य विषय, गौण विषय, मुक्त निवड, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम अशा इतक्या पेट्यांत झाली आहे की मुख्य विषयाच्या पेटीत न्यूटनही अंग चोरून बसतो. चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला आहे, पण पहिल्या सहा सत्रांत पंच्याहत्तर टक्के मिळवणाऱ्यांना. आणि तेही महाविद्यालयात संशोधनाची सोय असेल तर. तालुक्याच्या विद्यार्थ्याने हे चौथे वर्ष काढायचे कोठे, याचे उत्तर धोरणात सापडत नाही.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या श्रेयांकांविषयी एक गोष्ट येथेच बोलून टाकावी. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले, ते विद्यार्थ्याला सांगावे, अवश्य सांगावे. त्याला पुढच्या पंडितांनी का स्वीकारले नाही, हेही सांगावे. परंतु याच देशात २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली नाही, हा इतिहास ताजा आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. ते कर्तव्य बजावणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर रस्त्यात हत्या झाली. अशा देशात विज्ञानाच्या पदवीतले तास कमी करून त्या जागी काय येऊन बसेल, याची काळजी करणे हा संशयीपणा ठरत नाही.

आणि परवडत नाही म्हणजे नक्की काय परवडत नाही? कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे म्हटले. २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. आजवर तो एकदाही गाठला गेलेला नाही. संशोधनावर देश सकल उत्पन्नाच्या शेकडा पाऊण टक्काही खर्च करीत नाही. २०२०-२१ साली तो आकडा ०.६४ टक्के होता. दुसरीकडे निवडक मुलांसाठी निवडक संस्था उत्तम आहेत. पुण्यात २००६ पासून आयसर आहे, तेथील प्रयोगशाळा पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. विद्यापीठीय शिक्षकांना व संशोधकांना दार उघडे ठेवणारी आयुका जयंत नारळीकरांनी उभी केली, तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. इन्स्पायर योजनेत मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला ऐंशी हजार रुपये मिळतात. अट अशी की, तो बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात तरी असावा किंवा एखाद्या मोठ्या स्पर्धा परीक्षेत वरच्या क्रमांकावर असावा. वरच्या एक टक्क्यासाठी सरकारजवळ पैसा आहे. उरलेल्या नव्व्याण्णवांसाठी डेडस्टॉक रजिस्टर आहे. बारावीची दोन वर्षे लातूरला किंवा कोट्याला लाखांनी फी भरून काढणारा एकीकडे, आणि प्रवेश परीक्षेचा अर्जही ज्याने भरला नाही तो दुसरीकडे. दोघांना एका रांगेत उभे करून पहिल्याला गुणवान म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘उरलेला’ म्हणून बी.एस्सी.ला पाठवायचे, मग उरलेल्यांवर खर्च कशाला असे विचारायचे, हा सारा व्यवहार तर्कशुद्ध आहे. फक्त त्याला समाजवादी घटनेच्या देशात कोणी गुणवत्ता म्हणू नये.

मुलींच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी होतो. कमला सोहोनी मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत चंद्रशेखर रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून, प्रवेश नाकारला. त्यांनी ते मान्य केले नाही, आणि अखेर अटी घालून का होईना प्रवेश द्यावा लागला. जगाला रामन परिणाम देणाऱ्या थोर माणसाचीही दृष्टी या बाबतीत इतकी आखूड होती. आज उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाप्रमाणे, २०२१-२२ साली, विज्ञान शाखेत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. म्हणजे ज्या वर्षांत विज्ञानाचे वर्ग मुलींनी भरले, त्याच वर्षांत ते वर्ग परवडेनासे झाले. दूरच्या शहरात ठेवायला ज्या घरांची तयारी नसते, त्या घरातली मुलगी तालुक्याच्या विभागापर्यंतच पोहोचू शकते. तो बंद झाला तर तिच्या भावाला पुण्याची गाडी आहे. तिला नाही.

पुन्हा घरच्यांचा प्रश्न उरतोच : या पदवीने चळवळीला काय मिळते? त्याचे उत्तर जैतापूरच्या कातळावर शोधावे. तेथे प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प आखला गेला. गावकऱ्यांनी शंका काढल्या तेव्हा त्यांना ऐकवण्यात आले ते हेच, की तुम्हाला यातले शास्त्र कळत नाही. एप्रिल २०११ मध्ये तेथे गोळीबार झाला आणि एक माणूस मेला. किरणोत्सारी सीझियम निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, सीव्हर्ट हे कशाचे माप आहे, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने तापमान किती अंशांनी वाढेल आणि ते कसे मोजायचे, हे सारे भौतिकशास्त्राच्या पदवीच्या अभ्यासक्रमात बसणारे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत ते शिकवले जाते. ज्या मुलाने ते खरोखर समजून घेतले, तो सरकारी तज्ज्ञाच्या आकड्यापुढे उभा राहून ‘हे कसे मोजले आणि यात चूक किती’ असे विचारू शकतो. मग तो प्रकल्पाच्या बाजूचा असो की विरुद्ध. ज्याने तीन वर्षे उत्तरावरून मोजमाप तयार केले, त्याला तज्ज्ञाने तसेच केले असेल अशी शंकाही येणार नाही. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने सायलेंट व्हॅलीच्या प्रश्नावर सरकारच्या विजेच्या हिशेबाला हिशेबानेच उत्तर दिले, ते गावोगावी विज्ञान शिकलेले शिक्षक तिच्याजवळ होते म्हणून.

वेगळे काही करता येत नाही, हेही खरे नव्हे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तेथे जाऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसत. स्वस्त साहित्याची पेटी, पुस्तक उघडे ठेवून परीक्षा, प्रयोगाची वेगळी परीक्षा. पुढे तो सुमारे हजार शाळांपर्यंत पसरला. २००२ साली सरकारने तो बंद केला. आणि तेव्हाचे सरकार कोणत्या प्रतिगामी पक्षाचे नव्हते, हेही लक्षात ठेवावे. तो चालू होता तेव्हाही, बंद झाला तेव्हाही, कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या संघटनांच्या ठरावांत त्याला स्थान मिळाले नाही. विज्ञान हा शिक्षकांचा घरगुती मामला आहे, असेच जणू सर्वांनी गृहीत धरले होते.

म्हणून मागण्या साध्या असाव्यात आणि मोजता येतील अशा असाव्यात. मंजूर पदे कायमस्वरूपी भरली जावीत. प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानाच्या तासाइतकाच दर मिळावा. दोन विद्यार्थ्यांमागे एक उपकरण असावे, आणि जर्नलमध्ये अपेक्षित उत्तराला गुण न देता त्रुटीच्या हिशेबाला गुण द्यावेत. या शेवटच्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही, अभ्यासमंडळाचा एक ठराव पुरतो. उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा केवळ नियमात न राहता तिच्यासाठी पुस्तके आणि परीक्षक असावेत. विद्यार्थी कमी आहेत म्हणून विभाग बंद करण्याआधी, पहिल्या वर्षाला आलेले विद्यार्थी कोठे गेले याचा अहवाल जाहीर व्हावा.

अनुदानित महाविद्यालये माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतात. भौतिकशास्त्राची मंजूर पदे किती, भरलेली किती, शेवटचे उपकरण कोणत्या साली घेतले, प्रयोगशाळा आठवड्यात किती तास उघडी असते, या चार प्रश्नांचा अर्ज कोणत्याही तालुक्यातला कार्यकर्ता एका संध्याकाळी लिहू शकतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून जातात. संस्थाचालकांची मंडळी त्या याद्या वर्षभर आधीपासून भरत असतात. पक्षाच्या कार्यकर्त्यांत पदवीधर शेकड्यांनी आहेत. नोंदणीचा अर्ज भरलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतात, आणि मुदतीची तारीख बाकीच्यांच्या लक्षात येते ती उलटून गेल्यावर.